लाइव्ह ट्रॅफिकवाला जीपीएस घेण्याआधी: फोंड्यातल्या काउंटरवर रोज येणारे प्रश्न

गोव्यातल्या फोंड्यात गाड्यांचे स्टिरिओ आणि वायरिंग करण्यात माझी बरीच वर्षं गेली. पूर्वी गिऱ्हाईक आत शिरलं की विचारायचं, "स्पीकर कुठला चांगला?" आता स्पीकरचं नावही निघत नाही. "यात मॅप चालतो ना? ट्रॅफिक दाखवतो ना?" तीच उत्तरं दिवसातून दहादा देऊन कंटाळलो, म्हणून एकदाची लिहून काढली. मी या वस्तू विकतो हे आधीच सांगून ठेवतो. तरीही खाली काही ठिकाणी "घेऊ नका" असं लिहिलेलं दिसेल, आणि ते मनापासून लिहिलंय.

फोनमध्ये मॅप आहेच. मग वेगळं काही घ्यायचं कशाला?

रोजचा रस्ता फोंडा-पणजी किंवा मडगाव-वेर्णा असेल आणि फोन बऱ्यापैकी नवा असेल, तर काही घेऊ नका. घट्ट बसणारा स्टँड आणि दमदार चार्जर घ्या आणि घरी जा.

ज्यांचा दिवसच स्टिअरिंगवर जातो त्यांची गोष्ट वेगळी. मोपा विमानतळाची भाडी करणारा एक टॅक्सीवाला माझ्याकडे आला तो याच कारणाने. धारगळला महामार्ग सोडून विमानतळाच्या जोडरस्त्याला लागायचं, नेमका त्याच क्षणी गिऱ्हाइकाचा फोन वाजायचा. स्क्रीनवर मॅपच्या जागी गिऱ्हाइकाचं नाव, आणि वळण मागे गेलेलं. असं दोन-तीनदा झाल्यावर त्याने मॅपसाठी वेगळा स्क्रीन बसवून घेतला. ज्यांना चाळिशीनंतर फोनवरची अक्षरं पुसट दिसतात त्यांनाही मोठा स्क्रीन हवाच. तिसरे म्हणजे ज्यांची गाडी घरात तिघं-चौघं चालवतात ते. प्रत्येकाने आपला फोन जोडत बसण्यापेक्षा गाडीचं गाडीत असलेलं बरं.

हे 'लाइव्ह ट्रॅफिक' येतं तरी कुठून? उपग्रहावरून?

नाही. एवढी एक गोष्ट नीट समजली की बाकीचे निम्मे प्रश्न आपोआप सुटतात, म्हणून इथे जरा थांबतो.

जीपीएसचे उपग्रह जमिनीपासून सुमारे २०,२०० किलोमीटरवर फिरतात. पर्वरीत गाड्या तुंबल्यात की नाही हे त्यांना ठाऊकही नसतं. ते फक्त "आत्ता इतके वाजले, मी इथे आहे" असा संकेत पाठवत राहतात. तुमच्या गाडीतला रिसीव्हर किमान चार उपग्रहांचे संकेत पकडून स्वतःची जागा काढतो. त्यांचं काम तिथेच संपलं. त्यासाठी नेट लागत नाही, सिम लागत नाही, पैसेही लागत नाहीत.

गर्दीची माहिती जमिनीवरून येते, तुमच्या पुढे असलेल्या लोकांच्या फोनमधून. लोकेशन चालू असलेले फोन आपण कुठे आहोत, किती वेगाने सरकतो आहोत हे कंपनीकडे पाठवत असतात. एका रस्त्यावरचे बरेच फोन एकदम रांगायला लागले की कंपनी तो रस्ता लाल रंगवते. बर्लिनमध्ये २०२० साली सायमन वेकर्ट नावाच्या कलाकाराने ९९ फोन एका लहान हातगाडीत घातले आणि ती ओढत रिकाम्या रस्त्यावरून चालत गेला. मॅपवर तो रस्ता लाल झाला. गाडी एकही नव्हती!

आता हे आपल्या गोव्याला लावून बघा. पर्वरीतल्या महामार्गावर, मेरशीच्या जंक्शनवर, म्हापशात शुक्रवारच्या बाजाराला फोनच फोन असतात, म्हणून तिथला रंग बहुतेक वेळा खरा निघतो. सत्तरी तालुक्यात आतल्या गावात शिरलात की पुढे फोन असतो एखादा, तोही बागेत काम करणाऱ्याच्या खिशात. तिथे रंग दिसत नाही, आणि दिसला तरी मी त्यावर विसंबणार नाही. दुसरं म्हणजे, बोरीच्या पुलावर ट्रक आत्ता या मिनिटाला बंद पडला असेल, तर मागे रांग लागून फोन थबकेपर्यंत मॅपला त्याचा पत्ता नसतो. 'लाइव्ह' म्हटलं तरी ते थोडं शिळंच असतं, सकाळचे पाव दुपारी खाल्ल्यासारखं.

तेव्हा दुकानदाराला "लाइव्ह ट्रॅफिक आहे का?" असं विचारू नका. तो हो म्हणणारच. विचारा, "ट्रॅफिकचा डेटा यात शिरतो कुठून?" उत्तरं तीनच असतात: डब्यात, म्हणजे जीपीएसच्या यंत्रात, स्वतःचं सिम आहे, किंवा तो तुमच्या फोनच्या हॉटस्पॉटवर चालतो, किंवा फोनमधलंच अॅप समोरच्या स्क्रीनवर दाखवतो. यातलं एकही उत्तर न देता दुकानदार "सगळं ऑटोमॅटिक आहे" म्हणाला, तर त्यालाही माहीत नाही असं समजा.

मामाने लंडनहून जीपीएस आणलाय. इथे चालेल का?

हा प्रश्न गोव्यातच जास्त येतो. घरटी कोणीतरी लिस्बनला नाहीतर लंडनला, आणि तिथे नवीन गाडी घेतली की जुना डबा भावाला मिळतो.

चालू होईल, जागाही बरोबर दाखवेल, कारण उपग्रह सगळ्या जगाचे आहेत. पण आतला नकाशा युरोपचा. बाण पांढऱ्या कोऱ्या पडद्यावरून फिरत राहील. भारताचा नकाशा त्या मॉडेलला मिळतो का, आणि केवढ्याला मिळतो, ते कंपनीच्या साइटवर आधी बघा. ट्रॅफिकचं तर विसराच. युरोपातल्या अशा बऱ्याच डब्यांत गर्दीची माहिती एफएम रेडिओच्या लहरींवरून येते. चार्जरच्या वायरीतच त्याचा अँटेना असतो. ते तिथल्या प्रसारणावर चालतं, इथल्या एफएमवर त्याला काही मिळत नाही. मामाला आभार कळवा आणि डबा कपाटात ठेवा.

बॉक्सवर 'लाइफटाइम मॅप' लिहिलंय. माझ्या लाइफचं का?

डब्याच्या. कंपनी त्या मॉडेलला जोवर सांभाळते तोवरचं. गार्मिन कंपनीच्या जुन्या मॉडेलांच्या नावात 'एलएम' असेल तर मॅप आयुष्यभर, 'एलएमटी' असेल तर ट्रॅफिकही, असा तो हिशेब होता. पण आयुष्य कोणाचं, ते बारीक अक्षरात लिहिलेलं असे. आणि फुकट अपडेट मिळतात म्हणजे ते आपोआप होतात असं नाही. लॅपटॉपला किंवा वायफायला जोडून ते आपणच करायचे असतात, आणि नेमकं तेच कोणी करत नाही. झुआरीवरचा नवा पूल डिसेंबर २०२२ मध्ये एका बाजूने आणि पुढच्या डिसेंबरात दुसऱ्या बाजूनेही सुरू झाला. त्याआधीच्या नकाशावर चालणारा एक डबा मी पाहिला आहे. कुठ्ठाळीहून निघालेली गाडी तो नदीच्या पाण्यातून नेत होता.

नेट गेलं की मॅप बंद पडतो का? अनमोडला काय करायचं?

जीपीएस बंद पडत नाही. बंद पडतं ते नकाशाचं चित्र आणि ट्रॅफिक. नकाशा आधीच उतरवून ठेवलेला असेल तर तुमचा बाण चालू राहतो, वळणंही सांगतो. फक्त पुढे गर्दी आहे का, ते कळत नाही.

मोलेच्या पुढे अनमोड घाट, किंवा साखळी-केरीवरून चोर्ला घाट, दोन्ही जंगलातले रस्ते. रेंज येते-जाते. बेळगावला जाणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं: घरच्या वायफायवर गोवा आणि बेळगाव एवढा पट्टा ऑफलाइन उतरवून ठेवा. अनमोडने जायचं की चोर्ल्याने, हा निर्णय रेंज असेपर्यंतच घ्या, कारण फोंड्यातून दोन्ही वाटा लवकरच फुटतात. एकदा मोले ओलांडलं की मॅपने "दुसरा रस्ता वीस मिनिटं लवकर" असं सांगून उपयोग नाही. पावसाळ्यात तर या घाटांत दरड कोसळली, जड वाहनं बंद केली, अशा बातम्या मॅपच्या आधी वर्तमानपत्रात आणि ड्रायव्हरांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर येतात. चोर्ल्यात धुकं उतरलं की पोहोचायची वेळ म्हणून जो आकडा दिसतो, त्यात पाऊण तास आपल्या मनाने घालायचा.

डेटा किती जातो, हेही विचारतात. रस्ता दाखवायला तासाला काही एमबी लागतात, फार नाही. डेटा संपतो तो मागच्या सीटवर मुलं व्हिडिओ बघतात त्याने.

स्वतंत्र डबा, अँड्रॉइड स्टिरिओ, की अँड्रॉइड ऑटो-कारप्ले? नक्की काय घेऊ?

काचेवर चिकटवायचा स्वतंत्र डबा आपल्याकडे आता क्वचितच कोणी मागतो. त्याची खरी गंमत अशी की तो दुसरं काहीच करत नाही. फोन येत नाही, मेसेज येत नाहीत. नकाशा आतच, उन्हातही वाचता येणारा स्क्रीन. पण ट्रॅफिकसाठी बहुतेक मॉडेलं शेवटी तुमच्या फोनकडेच हात पसरतात.

अँड्रॉइड स्टिरिओ म्हणजे डॅशबोर्डात बसवलेला एक मोठा टॅबलेटच. नऊ-दहा इंची स्क्रीन, स्वतःचा जीपीएस अँटेना, काहींत सिमची जागाही. स्वस्तातलेही मिळतात. दिसायला झकास. माझी तक्रार त्याच्या वयाबद्दल आहे. अशा स्टिरिओत जे अँड्रॉइड येतं तेच शेवटपर्यंत राहतं. तीन-चार वर्षांनी मॅपचं नवं अॅप त्यात रडतखडत चालतं. आणि गाडी चालू केल्यापासून नकाशा उघडेपर्यंत दीड मिनिट गेलं, तर माणूस कंटाळून खिशातला फोनच काढतो.

अँड्रॉइड ऑटो किंवा कारप्ले म्हणजे डोकं फोनचं आणि डोळे गाडीचे. मॅप, ट्रॅफिक, नेट सगळं फोनचंच, स्क्रीनवर फक्त दिसतं. फोन बदलला की गाडीतली प्रणालीही नवी झाली. म्हणून आज कोणी माझं मत विचारलं, तर मी अँड्रॉइड ऑटो आणि कारप्ले दोन्ही चालणारा, ओळखीच्या कंपनीचा, मध्यम आकाराचा स्टिरिओ सुचवतो. त्यात मला दोन पैसे कमी सुटतात, पण सहा महिन्यांनी गिऱ्हाईक भांडायला येत नाही. वायरवाला घ्या की वायरलेस? मे महिन्यात वायरलेसवर फोन इतका तापतो की हात लावायला नको. वायरने चार्जही होतो. मी वायरवालाच वापरतो.

गाडी अगदी नवी असेल तर आणखी एक जपा. बसवणाऱ्याने कारखान्याची वायर कापून जोड मारू नये, त्या मॉडेलचा कपलर, म्हणजे तयार जोडणीचा प्लग, लावावा. कापलेल्या वायरीवर शोरूमवाले वॉरंटीचं बोट ठेवतात. आणि पिवळी वायर बॅटरीची, लाल वायर चावीची; घाईत दोन्ही एकाच जागी जोडणारे महाभाग आहेत. मग रात्रभर स्टिरिओ जागा राहतो आणि सकाळी गाडी ढकलावी लागते.

दुकानात '४ जीबी रॅम, ६४ जीबी' लिहिलेला स्टिरिओ स्वस्तात मिळतोय. घेऊ का?

सेटिंगमध्ये दिसणारा आकडा खरा असेलच असं नाही. तो बदलून दाखवता येतो. आकड्यांना हात जोडा. दुकानातच मॅप उघडून घ्या, गाणं लावा, बरोबर मागचा कॅमेराही चालू करून बघा. तिन्ही एकदम चालवताना स्क्रीन अडखळला तर तो स्टिरिओ खाली ठेवा. दुकानात एसीत अडखळतो तो उन्हात काय चालणार.

बाण शेतात दाखवतो, पुलावर असताना नदीत दाखवतो. डबा खराब आहे का?

बहुतेक वेळा डबा शहाणा असतो, अँटेना बिचारा कुठेतरी गाडलेला असतो.

कवळ्याचे एक गृहस्थ आले होते. गाडी फर्मागुढीच्या चढावर असली की बाण खाली भाटात (बागायतीत), गाडी बाजारात असली की बाण मंदिराच्या मागे. त्यांनी दोनदा सॉफ्टवेअर अपडेट करून घेतलं होतं, पैसे मोजून. मी ग्लव्ह बॉक्स उतरवला. आत काडेपेटीएवढा काळा चौकोन, तोच जीपीएसचा अँटेना, वायरीच्या वेटोळ्यात गुंडाळून, वरून काळी टेप मारून, डॅशबोर्डाच्या लोखंडी पट्टीखाली उपडा ठेवलेला. आभाळाकडे पाठ आणि डोक्यावर लोखंड! टेप सोडवली, वायर काचेच्या मुळापर्यंत नेली, चौकोन चुंबकाच्या बाजूने खाली आणि सपाट बाजू वर असा प्लास्टिकखाली बसवला. उपग्रह मोजणाऱ्या फुकट अॅपवर आधी तीन-चार दिसत होते; दुकानाच्या दारात गाडी आणली तर अकरा. काम वीस मिनिटांचं.

काचेला धातूचा अंश असलेली सनफिल्म असेल तरीही असंच होतं. दाट झाडीखाली, पानं ओली असताना, थोडा फरक पडतो. पाऊस पडतोय म्हणून जीपीएस बिघडत नाही.

पण पणजीच्या पुलांचं दुखणं वेगळं आहे. मांडवीवर तीन पूल शेजारी शेजारी. मधला, उंच, तो २०१९ मध्ये सुरू झालेला अटल सेतू. दोन्ही बाजूंना जुने. मोकळ्या आभाळाखाली साधा फोन पाचेक मीटरपर्यंत अचूक असतो, आणि वर-खालचा हिशेब त्याला आणखी कमी जमतो. त्यामुळे तुम्ही अटल सेतूवर असताना बाण शेजारच्या पुलावर उडी मारतो, आणि पाटोला उतरायचं नसताना "डावीकडे वळा" असा घोष सुरू होतो. इथे डबा बदलून फायदा नाही. कुठल्या पुलावर चढायचं ते पर्वरीच्या बाजूलाच फलक बघून ठरवा, आणि पूल संपेपर्यंत बाईचा आवाज ऐकून सोडून द्या. स्कूटरवाल्यांनी तर मॅपमध्ये दुचाकीचा पर्याय निवडून ठेवावाच, कारण अटल सेतूवर दुचाकींना मनाई आहे.

उपग्रहांच्या एल१ या नेहमीच्या लहरीबरोबर एल५ ही दुसरी लहरही पकडणारे फोन आणि स्टिरिओ निघाले आहेत, ते इमारतींच्या गल्लीत जास्त नेमके असतात. जमलं तर घ्या. 'नाविक' म्हणजे आपल्या इस्रोची प्रणाली, तिचा पहिला उपग्रह जुलै २०१३ मध्ये गेला. ती असेल तर बरंच, पण तेवढ्यासाठी जास्त पैसे मोजू नका. जितक्या देशांचे उपग्रह जास्त तितकं झाडाखाली बरं, एवढंच त्याचं महत्त्व.

"बोट खंय पावल्या तें दाखयता?"

हा प्रश्न रायबंदरच्या एका काकांनी विचारला होता, तसाच लिहिलाय. नाही हो काका, फेरीबोट कुठे पोहोचली ते दाखवत नाही.

मॅपला बोटीचा मार्ग माहीत असतो, नदी ओलांडायला लागणारी मिनिटंही तो धरतो. पण तुमच्या पुढे धक्क्यावर किती गाड्या उभ्या आहेत, बोट पलीकडे आहे की अलीकडे, हे त्याला कळत नाही. बोटीत चढल्यावर निळा ठिपका पाण्यावरून सरकताना बघायला मात्र मजा येते. घाई असेल तर मार्गाच्या सेटिंगमध्ये 'फेरी टाळा' चालू करा. दिवाडी बेटाला ते लागू नाही, तिथे पूलच नाही. ऑगस्टमध्ये तिथल्या बोंदेराम उत्सवाच्या दिवशी तर मॅप बंद करून धक्क्यावरच्या माणसाला विचारा.

लाल रस्ता टाळायला मॅप वाड्यात घुसवतो. काय करू?

हे लाइव्ह ट्रॅफिकचंच दुसरं टोक. महामार्ग तुंबला की मॅप सगळ्यांना एकाच वेळी तीच चोरवाट दाखवतो. पर्वरीत, गिरीत, साळगावात याचा अनुभव रोज येतो. दोन्ही बाजूंना लाल दगडाच्या भिंती, समोरून पोदेराची (पाववाल्याची) सायकल, मागून पाहुण्यांची भाड्याची जीप. मॅपला रस्त्याची लांबी माहीत असते. तिथे दोन गाड्या एकमेकींना ओलांडू शकतात का, ते धड माहीत नसतं. २०१९ मध्ये बागाच्या परिसरात कोणीतरी फलकच लावला होता: गुगल मॅपने तुम्हाला फसवलंय, हा रस्ता बागा किनाऱ्याला जात नाही, मागे वळा. त्याचा फोटो देशभर फिरला.

माझा नियम साधा. वाचणारी वेळ पाच-सात मिनिटं असेल तर महामार्ग सोडत नाही. वीसच्या वर असेल, आणि रस्ता ओळखीचा असेल, तरच वळतो. काही डबे आणि अॅप विचारल्याशिवाय मार्ग बदलतात; सेटिंगमध्ये 'आधी विचारा' असा पर्याय आहे का ते घेण्याआधी बघून घ्या. आमच्या काउंटरवर हे कोणीच विचारत नाही, पण रोजच्या वापरात स्क्रीनच्या इंचांपेक्षा हे जास्त कामाला येतं.

कार्निव्हल, शिगम्याची मिरवणूक, ३ डिसेंबरचं जुन्या गोव्याचं फेस्त, अशा दिवशी पोलीस रस्ते वळवतात. ते मॅपवर उशिरा येतं किंवा येतच नाही. आदल्या दिवशीच्या पेपरात वाहतुकीचा बदल छापून येतो, तो वाचलेला बरा.

आवाज मराठीत मिळतो का? गावांची नावं तरी धड घेतो का?

घेण्याआधी मराठी आवाज लावून ऐका, आणि मुद्दाम केपे, साखळी, काणकोण अशी नावं टाका. आपल्या गावांची रोमन लिपीतली स्पेलिंगं पोर्तुगीज वळणाची. इंग्रजी आवाज ती जशीच्या तशी वाचतो; केप्याचं 'क्वेपेम' होतं आणि साखळीचं 'सँक्वेलिम'. माझी आई गाडीत असली की हसून हसून बेजार होते. लिहून शोधतानाही तेच. 'साखळी' रोमनमध्ये उच्चाराप्रमाणे लिहिलंत तर काही जुन्या डब्यांना सापडत नाही. त्यांना पोर्तुगीज वळणाचंच स्पेलिंग हवं.

पत्त्याचं तर बोलायलाच नको. "चॅपलाकडून उजवीकडे, वडाच्या तिठ्यावर, तिसरं घर" हा पत्ता कुठल्या डब्यात टाकणार? ज्याच्याकडे जायचं त्याला व्हॉट्सअॅपवर लोकेशन पाठवायला सांगा. त्यामुळे डबा असा घ्या की फोनवर आलेलं लोकेशन त्याच्यावर एका बोटाने उघडेल. स्वतंत्र डबे इथेच मागे पडतात.

स्टँड कुठे लावू? उन्हात काय होतं?

चूषक-कप, म्हणजे ते रबरी वाटीसारखं, काच धुऊन कोरडी करून मगच दाबा. तरी मे महिन्यात तो सुटतोच, आणि सुटतो तो नेमका गतिरोधकावर. एसीच्या झडपेवर लावायचा क्लिपवाला स्टँड फोनला गार ठेवतो, म्हणून उन्हाळ्यात मला तोच आवडतो; फक्त जुन्या गाडीच्या झडपा नाजूक असतात. एअरबॅगच्या झाकणावर काहीही चिकटवू नका.

मिरामारला भर दुपारी काचा बंद करून गाडी उभी केली की डॅशबोर्ड सत्तर अंशांपर्यंत, कधी त्याच्याही वर तापतो. बॅटरी असलेला डबा किंवा फोन तिथे सोडून समुद्रावर जाऊ नका. फुगलेली बॅटरी मी दर उन्हाळ्यात पाहतो.

चार्जिंग लावूनही फोनची बॅटरी उतरते, अशीही तक्रार येते. जुन्या स्टिरिओचं यूएसबी तोंड अर्धा अँपिअर देतं, मॅप त्याहून जास्त खातो. सिगारेट लायटरच्या भोकात दोन अँपिअर किंवा जास्तचा चार्जर लावा.

फोनवर मॅप लावला तर पोलीस दंड करतात का?

केंद्रीय मोटार वाहन नियमांत १ ऑक्टोबर २०२० पासून बदल झाला: हातातल्या फोनसारखं यंत्र फक्त रस्ता पाहण्यासाठी वापरता येतं, तेही ड्रायव्हरचं लक्ष विचलित होणार नाही अशा तऱ्हेने. हातात धरून बोलत असाल तर ते धोकादायक वाहन चालवण्यात मोडतं आणि पहिल्या वेळी १,००० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो, शिक्षेचीही तरतूद आहे. तेव्हा फोन स्टँडवर, आणि पत्ता गाडी सुरू करण्याआधी टाकलेला.

ऑनलाइन 'जीपीएस' दीड हजाराला दिसतोय. तुमच्याकडे एवढा महाग का?

तो ट्रॅकर आहे. गाडी कुठे आहे हे मालकाला फोनवर सांगतो; ड्रायव्हरला रस्ता दाखवत नाही. त्याला स्क्रीनच नसतो. टॅक्सी-बसला आणीबाणीच्या बटणासह जो डबा लावावा लागतो तोही याच जातीचा. फोटो नीट बघा. नुसता काळा डबा आणि चार वायरी दिसल्या तर तो मॅपवाला नव्हे.

जुन्या गाडीत बसेल का?

बसेल. सिंगल डिनची, म्हणजे जुन्या कॅसेट स्टिरिओएवढी, अरुंद खाच असेल तर बाहेर सरकणाऱ्या स्क्रीनचे स्टिरिओ मिळतात, पण त्यांची ती मोटर धुळीने अडकते. जुन्या गाडीत फोन आणि स्टँडच ठेवा.

बसवून घेतल्यावर लगेच काय तपासू?

दुकानाच्या छपराखाली उभं राहून समाधान मानू नका. पत्र्याखाली उपग्रह मिळतच नाहीत. बसवणाऱ्याला शेजारी बसवा आणि गाडी बाहेर काढा. आमच्याकडून निघालात तर फर्मागुढीचा चढ चढून कुंडईपर्यंत जाऊन या. चढावर वळणं आहेत, झाडी आहे, पुढे मोकळा महामार्ग आहे. बाण रस्त्यावरच राहतो का बघा. मग फोनचं नेट बंद करा आणि नकाशा टिकतो का बघा. परत चालू करा, रंग किती वेळात येतात ते मोजा. परत आल्यावर गाडी बंद करून चावी काढा, पाच मिनिटं थांबा, स्क्रीन पूर्ण विझला ना ते पाहा. पैसे त्यानंतर द्या. मी असं करायला सांगतो तेव्हा माझा पोरगा कपाळाला हात लावतो, पण गिऱ्हाईक घेऊन कुंडईला जाऊन येतो तोच.